काठी दिसते, कागद दिसत नाही: तुरुंगपटांतले कैदी आणि शिपाई कितपत खरे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "तुरुंगावर एकांकिका लिहितोय. तयारी म्हणून 'शॉशँक रिडेम्प्शन', 'कूल हँड ल्यूक', 'एस्केप फ्रॉम अल्कट्राझ', 'दो आँखें बारह हाथ', 'बंदिनी' आणि 'शोले'तला तुरुंग पुन्हा पाहिला. यातले कैदी आणि पहारेकरी कितपत खरे आहेत? शिपाई खरंच एवढे क्रूर असतात का, आणि कैदी एवढे भले?"

मी महाराष्ट्राच्या कारागृह खात्यात तुरुंगाधिकारी होतो. जिल्हा कारागृहंही पाहिली आणि मध्यवर्तीही. आता निवृत्त आहे, त्यामुळे थोडं मोकळेपणाने लिहितो. अमेरिकेतल्या तुरुंगात मी कधी ड्युटी केलेली नाही. तिथल्या सिनेमांबद्दल जे लिहीन ते नोंदींत असलेलं आणि धंद्यातल्या माणसाला पडद्यावर खटकलेलं किंवा पटलेलं, एवढंच.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. एक तपशिलाचा: कोठड्या, कपडे, जेवण, मारहाण हे तसं असतं का? दुसरा नात्याचा: आत कुणाचं कुणावर चालतं, आणि कशाच्या जोरावर? पहिल्याचं उत्तर कुणीही निवृत्त हवालदार चहा पिता पिता देईल. एकांकिकेला लागणार आहे तो दुसरा, आणि बहुतेक सिनेमे तिथेच घसरतात.

उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच कबूल करतो. 1950 सालचा तुरुंग आणि आजचा, जिल्ह्याचं छोटं कारागृह आणि मुंबईचं आर्थर रोड, पुरुषांची बाजू आणि बायकांची, शिक्षा लागलेला कैदी आणि खटला चालू असलेला, तारखा मोजणारा कच्चा कैदी, या प्रत्येक जोडीत फरक आहे. अधीक्षक बदलला तरी महिन्याभरात त्याच भिंतींच्या आतली हवा बदलते. तेव्हा 'तुरुंगात असं असतं' असं कुणी ठामपणे सांगायला लागला, की त्याला आधी 'कुठल्या आणि कधीच्या?' असं विचारा.

वरवरचं आधी उरकून टाकतो. गजांच्या दारांची, मजल्यांवर मजले चढवलेली कोठड्यांची ओळ डोळ्यांसमोर येते ती अमेरिकी. 'शॉशँक'चं चित्रीकरण ओहायो राज्यातल्या मॅन्सफील्डच्या बंद पडलेल्या जुन्या तुरुंगात झालं, 'एस्केप फ्रॉम अल्कट्राझ'चं बरंचसं खुद्द अल्कट्राझ बेटावर. त्यामुळे तिथल्या भिंती खऱ्या आहेत. आपले हिंदी सिनेमे तीच कोठडी उचलून आणतात आणि फसतात. आपला कैदी बराकीत राहतो. लांबलचक हॉल, त्यात साठ, ऐंशी, कधी शंभराच्या वर माणसं, पथारीला पथारी चिकटलेली, एका टोकाला संडास. संडासाजवळची जागा नव्याला, खिडकीखालची जुन्याला. स्वतंत्र खोली ही आपल्याकडे शिक्षा असते, नाहीतर टोळीवाल्यांना आणि फाशीच्या कैद्यांना वेगळं ठेवण्याची सोय.

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे कपडेही विसरा. महाराष्ट्रात शिक्षा लागलेल्या पुरुषाला पांढरे कपडे, बाईला हिरवी साडी, आणि खटला चालू असलेला कैदी स्वतःच्या कपड्यांत. 'चक्की पिसिंग' केव्हाच संपलं. आता सुतारकाम, शिवणकाम, माग, बेकरी, शेती असते. नाशिकरोडच्या कारागृहात कैद्यांनी केलेल्या गणेशमूर्ती बाहेर विक्रीला येतात. 'चौदा साल की सज़ा' हा तर सिनेमांनी लावलेला रोगच आहे. जन्मठेप म्हणजे कायद्याने उरलेलं आयुष्य. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यातल्या जन्मठेपवाल्याला निदान चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय शासन सोडू शकत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. दिवस-रात्र वेगळे मोजून सात वर्षांत सुटका होते, असं मानणारे नातेवाईक मला मुलाखतीच्या खिडकीशी कितीदा तरी भेटलेत. त्यांना खरं सांगणं हे शिपायाच्या वाट्याला आलेलं एक वाईट काम.

आता मुख्य मुद्द्याकडे.

2022 सालअखेरच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत साधारण 5 लाख 73 हजार माणसं होती आणि जागा 4 लाख 36 हजारांची. म्हणजे शंभरांच्या जागेत एकशे एकतीस. ही झाली सरासरी. मोठ्या शहरांतल्या कारागृहांत क्षमतेच्या तिप्पट-चौपट भरणाही पाहायला मिळतो. अशा ठिकाणी रात्रपाळीला एका भागात दोन-तीन शिपाई. तुम्ही तो शिपाई आहात असं समजा. हातात काठी, कमरेला किल्ल्या, आणि समोर दीडशे जण. काठीवर किती वेळ राज्य कराल?

सिनेमात पहारेकरी म्हणजे सर्वशक्तिमान. 'कूल हँड ल्यूक'मधला तो आरशासारख्या काळ्या चष्म्याचा, एक शब्द न बोलणारा बॉस आठवा. प्रत्यक्षात शिपाई अल्पसंख्य असतो आणि त्याला ते चांगलं ठाऊक असतं. त्यामुळे आतला कारभार हा निम्मा देवाणघेवाणीवर चालतो. बराकीत भांडण होऊ देऊ नका, मी तुमच्या तंबाखूच्या पुडीकडे दोन दिवस बघणार नाही. गिनतीला वेळेवर जोड्या लावून बसा, मी मुलाखतीत पाच मिनिटं जास्त देतो. हे कुठे लिहिलेलं नसतं, पण नवा शिपाई महिन्याभरात शिकतो. जो शिकत नाही, त्याच्या पाळीत रोज काही ना काही पेटतं.

आणि या देवाणघेवाणीचा कणा म्हणजे कैद्यांतूनच नेमलेला वॉर्डर. चांगल्या वर्तणुकीच्या जुन्या कैद्याला इतर कैद्यांवर देखरेखीचं काम देतात. ही पद्धत इंग्रजांनी मुरवली. सावरकरांचं 'माझी जन्मठेप' वाचलेल्यांना तिंडेल, पेटी ऑफिसर, जमादार हे शब्द आठवतील. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये कोलू म्हणजे तेलाचा घाणा फिरवून घेणारे, शिव्या देणारे हे लोक स्वतः कैदीच होते. जेलर बारीसाहेब वर बसून होता, रोजचा छळ खालून यायचा. अमेरिकेत याहून भयंकर रूप होतं. तुमच्या यादीत नसलेला एक सिनेमा सुचवतो, 'ब्रुबेकर', 1980 चा. तो आर्कान्सा राज्यात 1967-68 मध्ये टॉम मर्टन या अधिकाऱ्याने पाहिलेल्या गोष्टींवर बेतलेला आहे. तिथे विश्वासू कैद्यांच्या हातात चक्क बंदुका दिल्या होत्या, पगारी पहारेकरी नावापुरते. सिनेमा पाहताना हे अतिरंजित वाटतं. नाही. 1970 मध्ये तिथल्या संघराज्य न्यायालयाने त्या राज्याची अख्खी तुरुंगव्यवस्थाच घटनाबाह्य ठरवली.

आपल्या वॉर्डरच्या हाती बंदूक कधी नव्हती, पण तो दोन दगडांवर पाय ठेवून उभा असतो. साहेबाचा माणूस म्हणून कैदी त्याच्यावर डूख धरतात, आणि काही कमी-जास्त झालं की साहेब पहिला त्यालाच धरतो. 2017 च्या जूनमध्ये मुंबईत भायखळ्याच्या महिला कारागृहात एका वॉर्डर बाईचा मृत्यू झाला. ती स्वतः जन्मठेपेची कैदी. रेशनमधली अंडी आणि पाव कमी भरल्यावरून तिला मारहाण झाली, असा आरोप होता. सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला आणि आतल्या बायकांनी उठाव केला. तुमच्या एकांकिकेत मधलं पात्र हवं असेल तर हे घ्या. पडद्यावर एका बाजूला कैदी आणि दुसऱ्या बाजूला शिपाई असे सरळ दोन तट असतात. खऱ्या तुरुंगातली बरीच नाटकं या मधल्या माणसाच्या अंगावर घडतात.

आता गंमत बघा. 'शोले'तला 'अंग्रेज़ों के ज़माने का जेलर' पाहून आमच्या खात्यातले लोकही पोट धरून हसतात. वेशभूषा, चाल, सगळी विडंबनाची. पण त्याच प्रसंगात या सगळ्या यादीतली एक अत्यंत खरी गोष्ट आहे: हरीराम न्हावी. जेलरला आतल्या बातम्या पुरवणारा. न्हावी, जेवण वाटणारे, दवाखान्यातला मदतनीस, झाडूवाला, यांना सगळ्या बराकींत फिरायची मुभा असते. म्हणून खबरी यांच्यातूनच निघतात, आणि कैद्यांनाही ते माहीत असतं. मग मुद्दाम खोटी बातमी न्हाव्याच्या कानात सोडायची, हेही होतं. जय-वीरूने केलं ते तंतोतंत हेच.

'शॉशँक'मधला बँकवाला अँडी पहारेकऱ्यांची करविवरणपत्रं भरून देतो. प्रेक्षकाला ती पटकथेची चतुराई वाटते. आमच्याकडे त्याला 'रायटर' म्हणतात. शिकलेला कैदी आला की कार्यालयाचं लक्ष त्याच्याकडे जातंच. अर्ज लिहिणं, रजिस्टरं भरणं, दुसऱ्या कैद्यांना अपिलाचा मजकूर लिहून देणं अशी कामं त्याच्याकडे येतात. बदल्यात त्याला सावलीतलं काम मिळतं आणि बराकीत मान मिळतो. जगभर तुरुंगात अक्षराला भाव आहे. त्या सिनेमातलं वॉर्डनच्या, म्हणजे तिथल्या तुरुंगप्रमुखाच्या, काळ्या पैशाचं पुढचं प्रकरण मात्र निव्वळ कथानक.

आता क्रौर्य. तुम्ही सरळ विचारलंय म्हणून सरळ सांगतो: मारहाण होते. होत नाही असं म्हणणारा माझ्या खात्यातला माणूस तुमच्याशी खोटं बोलतोय. नव्याला 'दाखवून' देण्याची प्रथा काही ठिकाणी होती, तशी वृत्तीही अजून काही जणांत आहे. पण 'शॉशँक'मधली पहिली रात्र आठवा. नवा कैदी रडतो म्हणून पहारेकऱ्यांचा प्रमुख त्याला सगळ्यांदेखत इतकं मारतो, की तो मरतो, आणि सकाळी कुणाला काही विचारलंही जात नाही. 1947 सालच्या अमेरिकेत हे कितपत खपलं असतं त्यावर मी बोलणार नाही. आज आपल्याकडे कारागृहात कुठलाही मृत्यू झाला, अगदी म्हातारा कैदी हृदयविकाराने गेला, तरी 24 तासांत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला कळवावं लागतं, चौकशी लागते, शवविच्छेदनाचं चित्रीकरण होतं. आतल्या मृत्यूची भीती शिपायाला कैद्याइतकीच असते, कारणं वेगळी. म्हणून जे क्रूर शिपाई असतात ते पडद्यावरच्यासारखे उघडे क्रूर नसतात. त्यांना काठी लागत नाही, कागद पुरतो.

हे नीट सांगायला हवं. शिक्षा झालेल्या प्रत्येक कैद्याचं हिस्ट्री टिकिट असतं. कोणत्या कलमाखाली आला, काम कुठलं, माफी म्हणजे शिक्षेतली सूट किती मिळाली, तुरुंगात शिक्षा कुठली झाली, सगळं त्यावर चढतं. 'दिलेल्या कामास नकार दिला.' एवढी एक ओळ त्यावर आली की काही दिवसांची माफी जाऊ शकते, संचित रजेचा, म्हणजे काही दिवस घरी जायच्या सुट्टीचा, अर्ज अडकतो, खुल्या कारागृहाच्या निवडीत नाव मागे पडतं. ओळ लिहायला अर्धा मिनिट लागतो. एक कैदी मला आठवतो. बहिणीच्या लग्नासाठी रजेचा अर्ज केला होता. त्याच्या गावच्या पोलीस ठाण्याचा अहवाल येणं बाकी होतं. तो रोज सकाळी माझ्या टेबलासमोर ठरलेल्या अंतरावर उकिडवा बसायचा आणि एकच विचारायचा, "साहेब, डाक आली?" अहवाल आला तेव्हा लग्न होऊन गेलं होतं. त्याला कुणी बोटही लावलं नव्हतं. माझ्याकडून स्मरणपत्रं गेली होती, ठाण्यात बंदोबस्ताची धामधूम होती, प्रत्येकाचं उत्तर तयार होतं. हा प्रसंग सिनेमात कसा दाखवणार? पण आतल्या माणसाला विचारा, काठीचे वळ आधी विसरेल की हे?

शिपाई वाईट असेल तर तो अर्ज पुढे सरकवायचे पैसे मागतो. शिपाई चांगला असेल तर लग्नाची तारीख लक्षात ठेवून स्वतः कारकुनाच्या मागे लागतो. तुरुंगातला चांगुलपणा आणि वाईटपणा बहुतेक वेळा एवढ्याच मापाचा असतो. रजा, मुलाखत, बराक बदलून देणं, काम बदलून देणं, दवाखान्यात नाव लावणं. या सवलती देणं न देणं ज्याच्या हातात, त्याची सत्ता.

'कूल हँड ल्यूक' मला याच कारणासाठी फार आवडतो. घाम पुसायचा असला, पाणी प्यायचं असलं, तरी तिथला कैदी आधी ओरडून बॉसची परवानगी घेतो. पन्नास अंडी खाण्याची पैज लोक लक्षात ठेवतात, मला ती परवानगीची भाषा जास्त लक्षात आहे. कथालेखक डॉन पियर्स स्वतः फ्लोरिडात रस्त्यावर काम करणाऱ्या कैद्यांच्या टोळीत शिक्षा भोगून आलेला होता, आणि ते कळतं. पहारेकऱ्याला डोळे नाहीत, नुसता चष्मा आहे, कारण कैद्याला तो तसाच दिसतो. त्याला घर आहे का, त्याची बायको आजारी आहे का, हे कैद्याला माहीत नसतं आणि जाणून घ्यायचंही नसतं.

उलट 'बंदिनी' बघा, 1963 चा. तो ज्या बंगाली कादंबरीवरून आला तिचे लेखक 'जरासंध', म्हणजे चारुचंद्र चक्रवर्ती, स्वतः तुरुंग खात्यातले अधिकारी. तिथला जेलर समजूतदार, डॉक्टर प्रेमळ, सगळं कसं शिस्तीत. खोटं नाही, पण ते टेबलाच्या या बाजूने पाहिलेलं आहे. मी स्वतः त्याच बाजूचा, त्यामुळे मला तो सिनेमा आपलासा वाटतो यात नवल नाही. तरी बायकांच्या विभागाचं एक सत्य त्यात अचूक पकडलंय: बाहेरचं माणूस यायचं थांबतं. पुरुष कैद्याच्या मुलाखतीला आई येते, बायको येते, पोरं येतात. बाई आत गेली की माहेरचेही हळूहळू येईनासे होतात. 'अब के बरस भेज भैया को बाबुल' हे जात्यावरचं गाणं त्या विभागात आजही कुणी म्हटलं तर निम्म्या बायका उठून जातील.

थोडक्यात, तुरुंगपट पाहताना आधी लेखक गजांच्या कुठल्या बाजूला होता ते शोधा. कैदी असेल तर शिपाई सपाट होतो, अधिकारी असेल तर यातना पुसट होतात. आणि लेखक दोन्ही बाजूंना नसेल तर कोठडी अमेरिकी होते.

'सत्यघटनेवर आधारित' अशी पाटी असेल तर जास्तच सावध राहा. 'बर्डमन ऑफ अल्कट्राझ' (1962) मधला पक्षी पाळणारा सौम्य ऋषी खऱ्या आयुष्यात रॉबर्ट स्ट्राउड नावाचा हिंसक खुनी होता. लेव्हनवर्थच्या तुरुंगात त्याने पहारेकऱ्याला भोसकून मारलं होतं. आणि पक्षी त्याने पाळले तेही लेव्हनवर्थमध्ये, अल्कट्राझला ते न्यायला परवानगीच मिळाली नाही. दुसऱ्या टोकाला 'मिडनाइट एक्स्प्रेस' (1978). त्यातले तुर्की पहारेकरी राक्षसच रंगवलेत, आणि नायक शेवटी पहारेकऱ्याला ठार करून निसटतो ते साफ काल्पनिक. पटकथाकार ऑलिव्हर स्टोन यांनी 2004 मध्ये तुर्कस्तानात जाऊन अतिशयोक्तीबद्दल माफी मागितली. एकाने कैद्याला धुऊन स्वच्छ केलं, दुसऱ्याने शिपायाला काळं फासलं.

"कैदी एवढे भले असतात का?" या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर तुम्हाला कदाचित विचित्र वाटेल. खुनी माणूस बहुधा सगळ्यात कमी त्रास देतो. बांधाच्या भांडणात, दारूच्या नशेत, बायकोवरच्या संशयात एकदाच हात उचलला गेला आणि आयुष्य संपलं, असे जन्मठेपवाले बराकीत खूप असतात. त्यांना इथेच राहायचं असतं, म्हणून त्यांना इथे शांतता हवी असते. बागकाम, स्वयंपाकघर, कार्यालयातलं चहापाणी, हे जुने जेलर डोळे झाकून खुनाच्या कैद्याला द्यायचे, पाकीटमाराला नाही. पाकीटमार आणि घरफोड्या ये-जा करणारे. त्यांना कुठल्याच बराकीची लाज नसते. सिनेमा 'खुनी' म्हणजे सगळ्यात धोकादायक असं धरून चालतो आणि मग त्याला भला दाखवून धक्का देतो. आमच्या लेखी त्यात धक्का काहीच नाही.

म्हणूनच 'दो आँखें बारह हाथ' (1957) अनेकांना भाबडा वाटतो तेवढा तो भाबडा नाही. सहा खुनी घेऊन जेलर माळरानावर जातो आणि शेती करतो, ही कल्पना आकाशातून पडलेली नव्हती. औंध संस्थानात 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन, म्हणजेच भारतानंद, यांचा तो प्रयोग. सिनेमाची कथा गदिमांची, आणि त्यांचं माडगूळ त्याच आटपाडी तालुक्यातलं. ऐकीव गोष्टीवर बेतलेलं हे काम नव्हे. स्वतंत्रपूर आजही सांगली जिल्ह्यात आहे, आणि पैठण, मोर्शी, येरवडा इथेही खुली कारागृहं आहेत. सिनेमाने रंगवलं कुठे, तर परिवर्तन जेलरच्या डोळ्यांच्या धाकाने आणि प्रार्थनेने होतं असं दाखवण्यात. स्वतंत्रपुरात कैद्याला बायकापोरांसह राहता येत होतं. ज्याची पोरं समोरच्या झोपडीत झोपलीत तो पळून कुठे जाणार? खुल्या कारागृहात निवडही आधीच पारखून होते. बरीच शिक्षा भोगलेले, वर्तणूक चांगली असलेले. शांतारामबापूंनी ही सगळी व्यवस्था एका माणसाच्या पुण्याईत घातली. सिनेमाला नायक लागतो, तक्रार नाही. पण एकांकिकेत तुम्ही तसं करू नका.

पलायनाबद्दल दोन वाक्यं. बोगदा खणून पळणारे आमच्याकडे दुर्मीळ. पळतात ते दवाखान्यातून, कोर्टाच्या आवारातून, नाहीतर रजेवर जाऊन परत येतच नाहीत. 'एस्केप फ्रॉम अल्कट्राझ' मात्र धंद्याच्या नजरेने अव्वल आहे. 1962 च्या जूनमध्ये फ्रँक मॉरिस आणि अँग्लिन बंधूंनी कागदाच्या लगद्याची, केस चिकटवलेली खोटी डोकी पांघरुणात ठेवली, ती रात्रीच्या गिनतीला फसवण्यासाठी. गिनती हा तुरुंगाचा श्वास आहे. आकडा जुळला नाही की बराक उघडत नाही, पाळी सुटत नाही, साहेब घरी जात नाही. मी ज्या सिनेमात गिनती दिसत नाही तो तुरुंगाचा सिनेमाच मानत नाही.

आणि 'शॉशँक'मधला ब्रुक्स. पन्नास वर्षं आत काढून सुटलेला तो म्हातारा ग्रंथपाल, आणि नंतर दुकानात नोकरी करताना लघवीला जायचीही परवानगी मागणारा अँडीचा दोस्त रेड. यात एक अक्षर खोटं नाही. सुटल्यावर काही दिवसांत गेटवर परत येऊन "आत काही काम आहे का" विचारणारे म्हातारे मी पाहिलेत. गावी घर पडलेलं, भावाने जमीन नावावर केलेली, आणि सकाळी कुणी शिट्टी वाजवत नाही म्हणून उठायचं कधी हेच कळत नाही. यावर आमच्या खात्याकडे आजही धड उत्तर नाही.

सगळ्या सिनेमांनी मिळून एक मोठी गोष्ट गाळली आहे, ती तुम्ही घ्या. पडद्यावरचा कैदी शिक्षा झालेला असतो. आपल्या तुरुंगातला कैदी बहुतेक वेळा अजून गुन्हेगार ठरलेलाच नसतो. 2022 च्या आकडेवारीत देशातले 75 टक्क्यांहून जास्त कैदी कच्चे होते. त्यांना काम नाही, माफी नाही, सुटकेची तारीख नाही. असते ती कोर्टाची तारीख. आणि कोर्टात नेणं हे आमचं काम नाही, पोलिसांच्या गारदीचं, म्हणजे सोबतच्या पहाऱ्याचं आहे. तुरुंगाचा शिपाई आणि पोलीस ही दोन वेगळी खाती आहेत, सिनेमे सर्रास एक करतात. मोठा सण आला, मंत्र्यांचा दौरा आला की गारद मिळत नाही. सकाळी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून बसलेली पंधरा-वीस माणसं दुपारी बारा वाजता बराकीत परत. आता व्हिडिओवरून हजेरी लागते, पण आरोपी तिथे वकिलाच्या कानात काही सांगू शकत नाही. काहींना तर जामीन मंजूर झालेला असतो, जामीनदार मिळत नाही म्हणून आत. असा माणूस शिपायाला शिव्या देतो, कारण समोर तोच असतो. शिपाई त्याला गप्प करतो, कारण त्याच्या हातात दुसरं काहीच नसतं. तुम्हाला हवा असलेला संघर्ष इथे आहे, आणि त्यात खलनायक शोधायला गेलात तर सापडणार नाही.

शिपायाबद्दल शेवटचं. तो बहुधा शेतकऱ्याच्या घरचा, भरती निघाली म्हणून आलेला. पोलिसाचा रुबाब नाही, गणवेश खाकीच. तुरुंगाच्या भिंतीला लागून असलेल्या क्वार्टरमध्ये राहतो, रजा मिळायची मारामार, दिवाळीला ड्युटी ठरलेली. रात्री दोन वाजता बराकीबाहेर तो आणि आत वॉर्डर, दोघेच जागे असतात आणि गजांतून गावच्या पावसापाण्याचं बोलतात. सकाळी साहेब आल्यावर हाच शिपाई त्याच वॉर्डरवर खेकसतो.

एकांकिकेसाठी माणसांशी बोलायचं असेल तर कारागृहाच्या परवानगीत अडकू नका, महिने जातात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात कैद्यांच्या केसेस पाहणारे वकील भेटतील. त्यांनी दोन्ही बाजू पाहिलेल्या असतात. सुटून आलेली माणसंही त्यांच्यामार्फत भेटतील, चहा पाजून ऐका, लगेच वही काढू नका. आणि स्टेजवर बराकीतल्या शिपायाच्या हातात बंदूक देऊ नका. हत्यार भिंतीवर, मनोऱ्यात आणि गेटबाहेर असतं, आत काठीच. दीडशे माणसांत एकट्याने बंदूक नेली तर ती दहा मिनिटांत दुसऱ्याच्या हातात असेल. गोळीबाराचा प्रसंग अगदीच हवा असेल तर तो मनोऱ्यावरून होऊ द्या.